सांजतारा, शुक्रवार पेठ

मी चांदणी झाले तेव्हा मला एकोणिसावं चालू होतं, आणि मला कुणी विचारलं नव्हतं.

त्याआधी मी शुक्रवार पेठेतल्या एका चादरीच्या दुकानदाराची मुलगी होते. खाली दुकान, वर घर, घरावर गच्ची. घरात आम्ही कानडी बोलायचो, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि अप्पा चिडले की दोन्ही एकदम. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. थोरला भाऊ, अण्णा, मॅट्रिकला दोनदा आपटून दुकानात बसला होता. मी पास होत गेले म्हणून कॉलेजात गेले. मला शिकवायचं असं कुणी मुद्दाम ठरवलेलं नव्हतं. चांगलं स्थळ येईपर्यंत पोरगी कुठंतरी गुंतलेली बरी, एवढाच त्यात विचार. मला मात्र मराठी घेऊन बी.ए. व्हायचं होतं, मग बी.एड. करून शाळेत शिकवायचं होतं. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तेव्हाच हसून मोडीत काढलं असतं.

दुसऱ्या वर्षाला कविता शिकवायला नवे सर आले. तिशीचे असतील. बायको-मुलगा गावाकडं, हे इथं खोली घेऊन एकटे राहायचे. सायकलवरून यायचे आणि तास सुरू करायच्या आधी खिडकीतून बाहेर बघत थोडा वेळ गप्प उभे राहायचे. त्यांच्या कविता मासिकांत छापून येतात, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. शिकवायचे उत्तम. एवढा राग असूनही हे मला आजपर्यंत नाकारता आलेलं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

एके दिवशी त्यांनी फळ्यावर ‘संधिप्रकाश’ असा शब्द लिहिला आणि त्यातल्या ‘संधी’खाली रेघ मारली. म्हणाले, “दिवस संपलेला नाही, रात्र सुरू झालेली नाही. या वेळेवर दोघांचाही हक्क नाही. म्हणून ज्याला उघड बोलता येत नाही, तो कवी या वेळेत येऊन बोलतो. आणि तारा म्हणजे काय? जे दिसतं पण हाती लागत नाही, ते.”

तोपर्यंत आम्हाला चंद्र म्हणजे मुख आणि कमळ म्हणजे डोळे एवढंच माहीत होतं. परीक्षेत तसं लिहिलं की मार्क मिळायचे. एखादी वस्तू तिच्याहून मोठं काहीतरी पोटात घेऊन उभी असते, हे मला त्या तासाला पहिल्यांदा कळलं. त्या दिवशी मी घरी फार हळू चालत गेले.

आमच्या घरात संध्याकाळचं काम ठरलेलं असायचं. गिरणीचा भोंगा व्हायचा, रस्ता सायकलींनी भरून जायचा. अव्वा हातपाय धुऊन कपाळाला भस्माच्या तीन रेघा ओढायची, माझ्याही ओढायची, आणि पूजेला बसायची. मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला जायची. धुराड्याच्या बाजूला पहिली चांदणी दिसायची. लहानपणापासून ती तिथंच होती. पण त्या तासानंतर मी कपडे हातावर घेऊन तिच्याकडं बघत उभी राहायला लागले.

पुढच्या एका तासाला मी उठून विचारलं, “सर, कवितेत माणूस नेहमी चांदणीकडं बघतो. चांदणीला खालचं काय दिसतं, असं कुणी लिहिलंय का?”

मागच्या बाकांवरची मुलं खो खो हसली. सर हसले नाहीत. माझ्याकडं बघत राहिले. माझे डोळे घारे आहेत, त्यामुळं लोक बघत राहण्याची मला सवय होती.

“तुम्हीच लिहा की,” ते म्हणाले.

मी खरंच लिहिलं. अव्वाचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं. तिथं बायका शुक्राची चांदणी बघून उठायच्या आणि जात्यावर बसायच्या. अव्वाला लग्नाआधी ती चांदणी अजिबात आवडायची नाही, कारण ती दिसली की झोप संपली. दिवेलागणीची वेळ म्हणजे पोरीबाळींनी उंबऱ्याच्या आत असायची वेळ. म्हणजे कवितेत जी वेळ मोकळी, ती बायकांना सगळ्यात जास्त बांधलेली. असं सगळं चार पानं लिहून मी सरांना दिलं.

चार-पाच दिवसांनी लायब्ररीच्या पायऱ्यांवर त्यांनी ती पानं परत केली. माझी मैत्रीण माझ्या शेजारीच उभी होती. सर म्हणाले, “माहिती चांगली आहे. पण यात कविता नाही. तुम्ही बिचाऱ्या चांदणीला कामाला लावलंत.”

ते हसले, म्हणून आम्हीही हसलो. मग त्यांनी विचारलं, “तू स्वतः काय करतेस संध्याकाळी?”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते माझ्या लक्षात आलं, पण आक्षेप घेण्यासारखं काही वाटलं नाही. मी खरं ते सांगितलं. “गच्चीवरचे कपडे काढते, सर.”

त्यानंतर दोन-तीनदा दिवेलागणीला सर आमच्या गल्लीत दिसले. सायकल हातात धरून चालत होते. एकदा त्यांनी मान वर करून बघितलं. मला वाटलं, कुणाकडं तरी आले असतील. मी कपडे गोळा केले आणि मागं सरले. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही मुलीनं तेच केलं असतं.

दिवाळी झाली. सुट्टीनंतर मैत्रीण एक दिवाळी अंक वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्या घरी घेऊन आली. “गच्चीवर चल,” एवढंच म्हणाली. अंकात सरांच्या सात कविता होत्या. मथळा होता ‘सांजतारा’.

मागांच्या गावात, गिरणीच्या धुराड्याशेजारी, एका घराच्या छपरावर एक तारा उगवतो. त्याची नजर घारी आहे. कपाळावर राखेच्या तीन रेघा आहेत. दोरीवरचा दिवस घड्या घालून तो काखेत घेतो. खाली एक माणूस सायकल धरून उभा आहे. पहिल्या दोन कविता वाचताना माझं अंग गरम झालं. इतकं लक्ष देऊन मला कुणी बघितलं असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्या कवितेत तारा लुकलुकला. खालच्या माणसानं काही विचारलेलं नव्हतं. पण तारा लुकलुकला आणि त्यानं तो होकार धरला. चौथ्या कवितेपासून तारा रोज संध्याकाळी खाली उतरायला लागला. कुठं उतरायचा, किती वेळ थांबायचा, ते संधिप्रकाशात पुसट ठेवलेलं होतं. सातव्या कवितेत घराच्या भिंतींनी त्याला ओढून घेतलं आणि तो मावळला.

मी अंक मिटला. मैत्रीण माझ्या तोंडाकडं बघत होती. तिनं हळूच विचारलं, “अगं, तू गेली होतीस?”

सरांशी माझं जे काही बोलणं झालं, त्या प्रत्येक वेळी ही माझ्या शेजारी होती. हीच असं विचारते म्हटल्यावर मला पुढचं सगळं दिसलं.

कॉलेजात आठवडाभरात सगळ्यांच्या तोंडी झालं. माझ्या बाकावर खडूनं चांदणी काढलेली असायची. मी फाटकातून आत आले की कुणीतरी म्हणायचं, “उगवली.” परत जाताना म्हणायचं, “मावळली.” मुली माझ्याशी बोलायच्या, पण बोलताना इकडंतिकडं बघायच्या. घरात अजून कुणाला पत्ता नव्हता. दिवाळी अंक वाचणारं आमच्यात कोण होतं?

मग एक पोस्टकार्ड आलं. पत्ता होता, ‘सांजतारा, शुक्रवार पेठ, सोलापूर’. मागं एकच ओळ, ‘कृपया रोज दर्शन द्यावे.’ पोस्टमननं ते भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर अप्पांच्या हातात दिलं.

“मालक, ही सांजतारा कोण तुमच्यात? गल्लीत ज्याला इचारावं त्यो तुमच्याकडंच बोट दाखवतोय.”

अण्णानं दुपारी बाहेर जाऊन चौकशी केली आणि येताना तो अंक घेऊन आला. अप्पांनी दुकान लवकर बंद केलं. आम्ही सगळे माजघरात बसलो. अप्पांनी अंक माझ्यापुढं ठेवला.

“वाच.”

“अप्पा, तुम्हीच वाचा की.”

“मला असलं वाचता येत न्हाय. तू वाच. मोठ्यानं.”

मी वाचलं. बापासमोर, भावासमोर, सात कविता. अव्वाला मराठी बोलण्यापुरतंच यायचं, कवितेचं मराठी समजायचं नाही. ती मधेमधे विचारायची आणि मी कानडीत सांगायची. तारा म्हणजे चुक्की. चुक्की गच्चीवर आली. चुक्कीनं डोळा मिचकावला. चुक्की खाली उतरली. कानडीत सांगितल्यावर ते मराठीपेक्षा जास्त उघडं झालं. अव्वानं पदर तोंडाला लावला.

सगळं वाचून झाल्यावर अप्पांनी विचारलं, “ही तू हाईस का?”

“न्हाई अप्पा. ते प्रतीक आहे.”

“प्रतीक म्हंजे काय?”

“म्हणजे एकाच्या जागी दुसरं ठेवायचं. जे सांगायचं ते सरळ सांगायचं नाही.”

अप्पांनी अंक स्वतःकडं ओढला. मग म्हणाले, “मग माझ्या पोरीच्या जागी चांदणी ठिवली, का चांदणीच्या जागी माझी पोरगी ठिवली?”

वर्गात असं कुणी विचारलं नव्हतं.

अण्णा उसळला. “हिला विचारून काय होणार? त्या मास्तरालाच बघतो की मी.”

“सुम्मनिर,” अप्पा त्याला म्हणाले. गप्प बस. “तू त्याला हात लावलास की उद्या सगळं गाव म्हणंल, खरंच हाय.”

अव्वानं फक्त एकच विचारलं. आपल्या गच्चीवर दोरी कुठल्या बाजूला बांधलीय, ते त्याला कसं कळलं? मी म्हटलं, रस्त्यावरून दिसतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला असावा. पण दुसऱ्या दिवशी तिनं दोरी सोडून खाली अंगणात बांधली.

मी सरांकडं गेले. स्टाफरूमच्या दारात उभी राहिले, ते बाहेर आले. मी म्हटलं, “सर, एकदा आमच्या घरी या. माझ्या वडिलांना सांगा, की यातलं काही घडलेलं नाही.”

सर अगदी शांतपणे म्हणाले, “कवितेत घडलंय का नाही हा प्रश्नच नसतो. ती तू नव्हेस. ती एक अवस्था आहे.”

“हेच माझ्या घरी सांगा.”

“कवीनं कवितेचं स्पष्टीकरण देत फिरायचं नसतं. आणि मी तुझ्या घरी आलो तर लोक काय अर्थ काढतील, याचा विचार केलास?”

“लोकांनी अर्थ काढलाय, सर.”

ते खिडकीकडं बघायला लागले. तासाआधी बघायचे तसंच. मला कळलं, ते येणार नाहीत. नोकरी नवी होती, अजून पक्की झालेली नव्हती. त्यांना भीती वाटत होती. भीती वाटते असं ते म्हणाले असते तर मी कदाचित समजून घेतलं असतं. पण ते म्हणाले, “तू तर कविता कळणारी मुलगी आहेस. निदान तू तरी हिला इतकं खाली आणू नकोस.”

प्राचार्यांनी नंतर बोलावलं ते मला. सरांना बोलावल्याचं माझ्या कानावर आलं नाही. “थोडे दिवस घरी राहा,” ते म्हणाले, “वातावरण निवळू द्या.” माझं काही चुकलं असं ते म्हणाले नाहीत. आवाज मायेचा होता. मी घरी आले आणि मग कधीच परत गेले नाही. शेवटचं वर्ष उरलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. करमाळ्याचं घर, धान्याची आडत, आमच्यातलेच लोक. त्यांनी ऐकलं होतं. ऐकूनही करून घेतली, हे मला पुढं वेळोवेळी ऐकवण्यात आलं. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, “दिवं लागायच्या टायमाला माडीवर जायचं न्हाय.” एवढंच. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कपडे दुपारीच नणंद काढून आणायची. संध्याकाळी मी चुलीपुढं असायची, आणि त्या स्वयंपाकघराला खिडकी होती ती गोठ्याच्या भिंतीकडं उघडणारी.

यजमान वाईट नव्हते. त्यांनी हात उचलला नाही, टोमणा मारला नाही. त्या गोष्टीचा उल्लेखच केला नाही. पण लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांनी मी बाहेरून बी.ए.ची परीक्षा देऊ का, असं विचारलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “पुस्तकातनंच झालं की सगळं.” परीक्षेचा विषय मी पुन्हा काढला नाही.

लग्नाला दहा वर्षं होत आली होती तेव्हा करमाळ्यात एक व्याख्यानमाला झाली. बाजारातले व्यापारी तिचे आधार, त्यामुळं यजमान समितीवर होते. एके दिवशी ते घरी येऊन म्हणाले, “उद्याचे वक्ते आपल्याकडं जेवायला हायत. कवी हायत. पूर्वी सोलापूरला होते म्हणं.” बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं की नाही, ते मला आठवत नाही. मी खाली बघून जोंधळे निवडत होते.

व्याख्यान शाळेच्या पटांगणात, दिवस मावळताना. विषय, कवितेतली संध्याकाळ आणि तारे. सर आता पुण्याला होते. केस पिकायला लागले होते, अंगावर शाल होती. बोलले सुंदर. बायकांच्या बाजूला बसून मी ऐकलं. त्यांनी ती तिसरी कविता म्हणून दाखवली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते हसून म्हणाले, “मला सगळे विचारतात, ही कोण होती? मी सांगतो, कुणीच नव्हती. प्रतीकाला पत्ता नसतो.”

लोक हसले. माझ्या शेजारची बाईही हसली. सोलापूरच्या पोस्टमनला तो पत्ता एका फेरीत सापडला होता.

घरी पाटावर बसून सर जेवले. मी वाढत होते. डोक्यावर पदर होता, अंगानं मी भरले होते, त्यांनी मला ओळखलं नाही. म्हणाले, “वहिनी, भाकरी अगदी सोलापूरची वाटते.”

“मी सोलापूरचीच,” मी म्हटलं. “शुक्रवार पेठ.”

यजमान कुणाला तरी निरोप द्यायला दारापर्यंत गेले होते. सरांचा घास हातात राहिला. त्यांनी वर बघितलं, माझ्या डोळ्यांकडं. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा पडेल. तो उजळला.

“तू? म्हणजे, तुम्ही! इतक्या वर्षांनी!” त्यांना खरोखर आनंद झाला होता. “तुम्हाला कल्पना आहे, त्या कविता आज लोकांना पाठ आहेत? अहो, तुम्ही अमर झालात.”

वर्षानुवर्षं भाकरी थापताना मी या माणसाला काय काय सुनावलं होतं. चांगली लांबलचक भाषणं होती ती. त्यातलं एक वाक्य तोंडात येईना. मी म्हटलं, “सर, मला बी.ए. व्हायचं होतं.”

ते ताटाकडं बघायला लागले. “हो,” म्हणाले. “हो, खरंय.” मग यजमान आत आले, म्हणाले, “पाहुण्यांना वाढ की अजून,” आणि मी आमटी वाढली.

पाहुणे गेल्यावर यजमानांनी विचारलं, “हेच का ते?”

“व्हय.”

“बोलतो चांगलं,” ते म्हणाले आणि दाराला कडी लावायला गेले. एवढीच आमची त्यावरची चर्चा.

काही महिन्यांनी पोस्टानं एक पुस्तक आलं. सरांचा नवा संग्रह, यजमानांच्या नावानं, आदरातिथ्याबद्दल आभार मानून सही केलेला. यजमानांनी चाळला सुद्धा नाही. “तुझं हाय,” म्हणून माझ्या मांडीवर ठेवला.

मी पानं उलटत गेले. मधल्या एका पानावर ती कविता होती. तारा खाली उतरलाय, चुलीच्या उजेडात कवीला भाकरी वाढतोय. कवी ओळखतो, आणि अपराधी होऊन गप्प राहतो. मग तारा त्याला म्हणतो, ‘मला मावळायचं नव्हतं.’

मी ती ओळ पुन्हा वाचली. चांगली होती. कुणाच्याही लक्षात राहील अशी. अप्पा हयात असते तर त्यांना हीपण मोठ्यानं वाचून दाखवावी लागली असती.

मुलाच्या दप्तरातली पेन्सिल घेतली. ती ओळ खोडली आणि वर बारीक अक्षरात मी जे म्हटलं होतं ते लिहिलं, ‘मला बी.ए. व्हायचं होतं.’ ओळीचा तोल गेला, खालच्या ओळीशी यमक जुळेना, सगळी कविता लंगडी झाली. मी ती तशीच ठेवली आणि पुस्तक फळीवर ठेवून दिलं.